मंगळवारचे मासे

बुधवार, ३१ ऑक्टोबर

मॉडचं पत्र आलं. हाताशी फोन असताना पोरगी पत्र लिहिते म्हणजे काहीतरी मागायचं असणार, हे पाकीट फोडायच्या आधीच मी फिर्मँला सांगितलं. तसंच निघालं.

"मेमे आजी," लिहिते, "निमंत्रण ऑगस्टमध्ये पाठवलं, त्याला तू उत्तर दिलं नाहीस. म्हणून पुन्हा लिहिते. दहा तारखेला, शनिवारी, दुपारी बारा वाजता माझं लग्न आहे. तुझी लेसची ओढणी मला हवी. पोस्टानं पाठवायची नाही. तू घेऊन आलीस तर घालीन, नाहीतर उघड्या डोक्यानं उभी राहीन आणि टोबीच्या घरचे विचारतील त्यांना खरं कारण सांगेन."

हट्टी आहे. कुणावर गेली आहे कोण जाणे.

खरं कारण इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे माझं मलाच उलटं आठवायला नको. मॉड माझी नात. तिची आई सोलांज, माझी एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांपूर्वी तिच्या बापाची, फिर्मँची, बोट भंगारात गेली. तीस वर्षं तो आमच्या कॅलेहून इंग्लंडातल्या डोव्हरला जाणाऱ्या बोटीवर सारंग होता. समुद्राखालून गाडी धावायला लागली आणि बोटी एकेक करून संपल्या, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच वर्षी सोलांजनं कुठं नोकरी धरावी? बोगद्यात! वर पलीकडे फोकस्टनला घरही घेतलं. मी म्हटलं, बापाच्या पोटावर ज्यांनी पाय दिला त्यांचं मीठ खाणारीनं माझ्या दाराची पायरी चढायची नाही, आणि मी तिची चढणार नाही. तेव्हापासून बोलणं नाही. मॉड तेवढी दर उन्हाळ्यात बोटीनं येते.

फिर्मँला तर माझ्याहून जास्त लागलं होतं. बंदरावरच्या दारूगुत्त्यात सगळ्या खलाशांनी हात वर करून शपथ घेतली, की त्या बिळात कधी उतरणार नाही. मी दारातून पाहिलं होतं, फिर्मँचा हात सगळ्यांत उंच होता.

पत्र वाचून त्यानं विचारलं, "मग?"

"मग काय? नातीचं लग्न आहे. जाणार. ओढणी घालायची, केक खायचा, परत यायचं. बोटीनं."

"आणि सोलांज?"

"लग्न मॉडचं आहे," मी म्हटलं. तो खिडकीशी जाऊन बराच वेळ उगाचच खोकला. छातीत गारठा बसला असणार, रात्री मोहरीचा लेप लावला.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

काल सर्व संतांचा सण, कबरस्तानात शेवंतीच्या कुंड्या ठेवून आलो. आज ओढणी काढली. कडेला तळहाताएवढं भोक! कसर लागली आहे. दुसरी एखादी रडत बसली असती. मी कारखान्यात चाळीस वर्षं लेसची रफू केली. यंत्रातून माल उतरला की आधी माझ्या बोटांखालून जायचा. भोक कितीही बारीक असो, मला दिसायचं, आणि मी हात लावल्यावर ते कुठं होतं हे मालकालाही सापडत नसे. त्याच मालाचा उरलेला दोरा मी जपून ठेवला आहे. चार दिवसांचं काम आहे, फार तर पाच.

फिर्मँ दिव्याजवळ येऊन बघत उभा राहिला. म्हणाला, "मागून पुढे, पुढून मागे. कंटाळा येत नाही?"

"ज्याला काम येतं त्याला कंटाळा येत नाही."

"खरं आहे," म्हणाला, आणि हसला. हल्ली तो कशालाही हसतो.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

आज मंगळवार म्हणून फिर्मँ बोटीवरच्या जुन्या सोबत्याबरोबर, ल्युसियाँबरोबर, धक्क्यावर गळ टाकायला गेला. अकरा वर्षांत त्यानं मंगळवार चुकवलेला नाही. पाऊस असो, थंडी असो. नोकरी सुटल्यावर इतर नवरे बायकोच्या पायात पायात करतात. माझा मासे आणतो.

आणि काय मासे! काटे काढलेले, पट्ट्या कापलेल्या, कागदात गुंडाळलेले. धक्क्यावरच साफ करून आणतो, मला घाण नको म्हणून. बाजारात ल्युसियाँची बायको भेटली तेव्हा मी तिला मुद्दाम ऐकवलं. ती म्हणाली, "आमचे ल्युसियाँ तर वर्षभरात एक बांगडा घेऊन आले नाहीत." म्हटलं, बाई, गळ सगळेच टाकतात, लागावा लागतो.

शुक्रवारची दुपारची बोट नक्की केली. जेवताना फिर्मँ म्हणाला, "पाहुण्यांची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. तुला झोप लागणार नाही, मागची मागून घेऊ."

"तुला काय माहीत?"

"मॉड म्हणाली असेल."

बरोबर, मॉडच म्हणाली असेल. तरी मी सांगून टाकलं की सोलांजकडे उतरायचं नाहीच, आपण हॉटेलात राहू. त्यानं माशाकडे बघत मान डोलावली.

बुधवार, ७ नोव्हेंबर

रफू झाली. ओढणी खिडकीशी उजेडात धरली आणि फिर्मँला भोक शोधायला सांगितलं. चष्मा लावून पाच मिनिटं शोधलं, सापडलं नाही. अजून हात शाबूत आहे.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

सगळं पाण्यात. अक्षरशः.

सकाळपासून वारा असा सुटला की समोरच्यांची कुंडी आमच्या दारात येऊन पडली. दुपारी सामान घेऊन बंदरावर गेलो तर फाटक बंद. उद्या संध्याकाळपर्यंत एकही बोट सुटणार नाही. मी तिथल्या माणसाला म्हटलं, माझा नवरा याहून मोठ्या वादळात बोट घेऊन गेलेला आहे. तो म्हणाला, "मादाम, मग त्यांनाच सांगा न्यायला." फिर्मँ मला दंडाला धरून मोटारीत घेऊन आला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात बसलो. ओढणीचा डबा टेबलावर मध्ये होता.

शेवटी फिर्मँ म्हणाला, "बोगदा आहे."

"तुझी शपथ मी मोडू द्यायची नाही."

"मोडली तर मोडली."

"लोक काय म्हणतील? ल्युसियाँ काय म्हणेल?"

"ल्युसियाँ काही म्हणणार नाही, एर्नेस्तीन. मी आरक्षण करून टाकतो, मला ते..."

"तुला काय येतंय त्यातलं! दे इकडे फोन." नातीसाठी हा माणूस आपली शपथ गिळायला निघाला, तर निदान तिकीट तरी मीच काढावं असं मला वाटलं. उद्या सकाळी नऊ पन्नासची गाडी मिळाली. आपली मोटार त्या गाडीच्या पोटात घालायची आणि आतच बसून राहायचं. पस्तीस मिनिटं. बोटीला दीड तास लागतो, आणि वर वारा खायला मिळतो.

खरं लिहायचं तर मला पाण्याची भीती नाही, अंधाराचीही नाही. बोटीनं गेले असते तर बंदरावर मॉड घ्यायला येणार होती, तिथून हॉटेल, तिथून लग्न. लोकांच्या गर्दीत सोलांजशी नुसती मान हलवून भागलं असतं. आता सकाळी ऐन लग्नाच्या दिवशी पोचायचं, कपडे बदलायचे, तर तिच्याच घरी जावं लागणार. ती दार उघडेल तेव्हा पहिलं वाक्य काय बोलायचं? कपडे घड्या करताना पंचवीस वाक्यं बोलून पाहिली. एकही धड नाही.

शनिवार, १० नोव्हेंबर, मोटारीत

अक्षर वाकडं येतंय. मांडीवर वही आहे.

चूक माझी झाली. लिहून मोकळी होते. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ तासभर मागे असतं. फिर्मँच्या बोटीवर इंग्लंडची वेळ चालायची, म्हणून ते घड्याळ कायम बोटीच्या वेळेवर. बोट गेली तरी त्यानं ते बदलू दिलं नाही. मी चाळीस वर्षं असंच करत आले. जेवण, दवाखाना, चर्च आतल्या खोलीतल्या घड्याळावर, आणि समुद्र ओलांडायचं काही असेल तर स्वयंपाकघरातल्या. आज समुद्रच ओलांडायचा होता, म्हणून हात आपोआप त्याच घड्याळावर गेला. फिर्मँ दोनदा म्हणाला, "निघू या का?" मी दोनदा म्हटलं, "घड्याळ बघ की जरा!" मग तो मोटारीत जाऊन बसला आणि भोंगा वाजवत राहिला. मला वाटलं, घाबरलाय बिचारा, एकदाचं आटपावं म्हणून घाई करतोय.

फाटकापाशी आलो तेव्हा आमची गाडी सुटून गेली होती. पुढे मोटारींची ही रांग, कारण बंदर बंद म्हणून सगळं जग इथं लोटलेलं. खिडकीतला पोरगा म्हणाला, पुढची जागा दोन वीसला. म्हणजे पलीकडे पोचेपर्यंत त्यांचे दोन वाजायला आलेले, आणि लग्न बाराला.

दहा दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं, की आपण पोचणार नाही. पोरगी उघड्या डोक्यानं उभी राहील आणि लोकांना सांगेल की माझ्या आजीला घड्याळ कळत नाही.

तेवढ्यात मागून दुसरी मुलगी आली, चांगली गोरीगोमटी, डोक्याला बोगद्याची टोपी. फिर्मँला बघून म्हणाली, "अय्या, मस्यू दलात्र! आज मंगळवार नाहीये!"

घ्या! वार कुठला ते ज्यांना माहीत नाही त्यांच्या हातात आमचे जीव.

फिर्मँनं माझ्याकडे मान झुकवून तिच्याकडे बघत डोळे मोठे केले. ती मुलगी माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली. मग तिनं फोन उचलला आणि तोंडावर हात धरून कुणाशी तरी बोलली. माझे कान तिखट आहेत, मला ऐकू आलं: "हो, त्याही आहेत. हो हो, खरंच. शेजारी बसल्यात. मांडीवर डबा आहे." फोन ठेवला आणि म्हणाली, "अकरा वीसच्या गाडीत तुमची सोय झाली. मागच्या रांगेनं जा, मस्यू. तुम्हाला माहीत..." आणि पुन्हा गप्प. वयस्क बाई पाहिली की अजूनही माणसं हलतात. आणि फिर्मँला कॅलेत कोण ओळखत नाही?

तिनं एक अक्षर छापलेला कागद दिला. तो आरशाला अडकवायचा असतो हे मला सांगावं लागलं असतं. फिर्मँनं बघितलंही नाही, सवयीनं अडकवला. तीस वर्षं बोटीत मोटारी चढवल्यात, काय माहीत नसेल?

आता आत आहोत. लांबलचक पिवळा डबा, पुढे मोटार, मागे मोटार. दारं बंद झाली. सूचना सुरू व्हायच्या आधीच फिर्मँनं काच चार बोटं खाली केली होती. समुद्र कुठून सुरू होतो, काही पत्ता लागत नाही. मला वाटलं होतं, निदान आवाज तरी बदलेल.

"आता समुद्राखाली आलो," तो म्हणाला.

"कशावरून?"

"कानांत कळतं. थुंकी गिळ."

गिळली. बरं वाटलं. मी म्हटलं, "फिर्मँ, माझ्यामुळे तुला हे करावं लागतंय. गुत्त्यात तुझा हात सगळ्यांत उंच होता, मी स्वतः पाहिलाय."

"तो बिअर मागायला वर केला होता."

या माणसाला अशा वेळीही थट्टा सुचते! धीराचा आहे. निदान मला तसं वाटलं, पण पुढच्या दोन मिनिटांत हनुवटी छातीवर टेकवून चक्क घोरायला लागला. भीतीनं काही माणसांना अशी ग्लानी येते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. वर एवढा समुद्र, त्यात त्याच्या बोटीच्या पाऊलवाटा, आणि तो इथं खाली. मी त्याचा हात धरून बसले आहे. म्हणून अक्षर वाकडं.

जागा झाला. स्वतःच. म्हणतो, "वही आवर, दोन मिनिटांत उजेड येईल."

आला.

रविवार, ११ नोव्हेंबर, फोकस्टन

सकाळी सगळे झोपलेत. मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. इथं खरंच रस्त्याचा आवाज येत नाही.

काल गाडीतून बाहेर पडलो तेव्हा इथले अकरासुद्धा वाजले नव्हते. घड्याळानं घेतलेला तास समुद्रानं परत दिला. फिर्मँ एकदाही रस्ता न विचारता थेट घरासमोर आला. कुत्रं भुंकत धावलं, मी डबा डोक्यावर धरला, तर ते फिर्मँच्या अंगावर चढून त्याचं तोंड चाटायला लागलं. म्हटलं, माशांचा वास लागला असेल. अजूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

सोलांजनं दार उघडलं. केस पांढरे झालेत. माझ्या मुलीचे केस पांढरे झालेत, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. पंचवीस वाक्यांतलं एकही आठवेना. मी म्हटलं, "बारा वाजता लग्न ना? मग अशी उभी काय राहिलीस?"

"ये आई," ती म्हणाली. "बूट इथंच काढ, गालिचा आहे."

मी वाकले. फिर्मँ माझ्या शेजारून आत गेला, जिन्याखालचं कपाट उघडलं, आतून चौकड्यांच्या तपकिरी सपाता काढल्या आणि पाय घातले. मग त्याच्या लक्षात आलं. तो तसाच उभा राहिला, एक हात कपाटाच्या दाराला. मॉड जिन्यावर थांबली.

सपाता नव्या नव्हत्या. टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या होत्या, तशा जगात एकाच माणसाच्या झिजतात. त्याच्या टाचा मी पन्नास वर्षं बघते आहे.

"मंगळवार," मी म्हटलं.

"सकाळची गाडी," फिर्मँ म्हणाला. "संध्याकाळी परत."

"आणि मासे?"

"कोपऱ्यावर दुकान आहे," सोलांज म्हणाली. "कापून देतात."

"अकरा वर्षं तुम्ही मला दुकानचे मासे खाऊ घातलेत?"

"तुला आवडायचे," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता. मी वाटच बघत होते. झाला नाही. स्वयंपाकघरातलं ते घड्याळ मला आठवलं. सकाळी चहा पिताना तो त्याच्याकडे बघून म्हणायचा, "आता उठले असतील." मला वाटायचं, बोटीवरचे जुने सोबती. ते घड्याळ बोटीचं राहिलंच नव्हतं, ते या घराचं होतं. भोकं शोधण्यासाठी मला चाळीस वर्षं पगार मिळाला, आणि माझ्याच घरात माझ्याच नवऱ्यानं केलेली रफू मला दिसली नाही. मला रडू फुटलं. तिथंच, एका पायात बूट असताना.

सोलांज कपाटापाशी गेली. खालच्या फळीवरून पुठ्ठ्याचा एक खोका काढला, कडा पिवळ्या पडलेला, आणि माझ्यासमोर ठेवला. आत बायकी सपाता होत्या, निळ्या, आतून लोकरीच्या. तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली.

"कधी आणल्यास?"

"हे घर घेतलं त्याच आठवड्यात. बाबांच्या घेतल्या तेव्हाच."

मी म्हटलं, "मला थोड्या घट्ट होतील. वयानं पाय पसरतात."

"बदलून आणते."

"खबरदार."

मग वेळ कुणाला होता? मॉडला खुर्चीवर बसवलं आणि ओढणी मी लावली. सोलांज पिना देत होती. एकीनं हात पुढे केला की दुसरीच्या बोटात पीन तयार. कारखान्यातही असा जोड मला कधी मिळाला नाही. टोबीच्या आईनं लेस जवळ घेऊन पाहिली आणि म्हणाली, पन्नास वर्षांची, आणि कुठं सुताचाही दोष नाही! मॉडनं ते मला फ्रेंचमध्ये सांगितलं, मग मी भोक होतं ती जागा दाखवायला गेले. मलाही सापडली नाही.

लग्नाच्या फोटोत गंमत झाली आहे. मॉडच्या डोक्यावर ओढणी, सोलांज तिच्या डावीकडे, मी उजवीकडे, जांभळा पोशाख, मोत्यांची माळ, आणि पायात निळ्या सपाता. घाईत बूट घालायचे विसरले, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आत्ता फिर्मँ उठून आला. दारातून माझा अंदाज घेत उभा होता. चोराच्या मनात चांदणं. म्हणाला, "मंगळवारी ल्युसियाँबरोबर धक्क्यावर..."

"गळ घरीच ठेव," मी म्हटलं. "आणि दोघांचं तिकीट काढ. तूच काढ, तुला येतं."

सपाता अजून करंगळीला लागतात. सैल व्हायला चार-सहा मंगळवार तरी जातील.